‘का?’ विचारता येईल अशी प्रणाली हवी

महोदय,

संस्थेची धोरणे ठरवताना तज्ज्ञ संगणक प्रणालींचा, म्हणजे जाणकारांचे ज्ञान ‘जर-तर’ नियमांत मांडून उत्तर देणाऱ्या संगणक कार्यक्रमांचा, सल्ला घ्यावा, असा आग्रह वाढतो आहे. कार्मिक विभागात नोकरी केलेल्या माझा त्याला विरोध नाही, अट मात्र आहे. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली ‘मायसिन’ प्रणाली जिवाणूसंसर्गावर औषध सुचवत असे. तिला मध्येच ‘हे का विचारतेस?’ असे विचारले, की ती आपला नियम दाखवी. धोरणासाठी प्रणाली घ्यायची तर निदान एवढी सोय हवीच.

खरी ग्यानबाची मेख नियम लिहून घेण्यात आहे. रजेचेच घ्या. कागदावर ‘विनापरवानगी गैरहजेरी, तर वेतनकपात’. पण मुरलेला विभागप्रमुख आधी जुना हजेरीपट चाळतो, माणूस नेहमीचा दांडीबहाद्दर की घरात आजारपण, हे बघतो आणि मगच शेरा मारतो. कारण विचारा, म्हणेल, ‘अहो, कळतं ते!’ हे ‘जर-तर’च्या साच्यात कोण बसवणार?

शिवाय नियम शिळे होतात. डिजिटल इक्विपमेंट कंपनीची, संगणकाची जुळणी ठरवणारी ‘एक्सकॉन’ यशस्वी ठरली; पण उत्पादने बदलत तसे तिचे हजारो नियम सतत दुरुस्त करावे लागत. इथे साधे परिपत्रक वेळेवर फाइलला लागत नाही!

तेव्हा प्रणालीच्या प्रत्येक सल्ल्याखाली नियमाचा क्रमांक आणि तो स्वीकारणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याची सही असावी. ‘संगणकाने सांगितले’ हा शेरा लेखापरीक्षकांनी चालवून घेऊ नये.

– एक निवृत्त कार्मिक अधिकारी