फ्लॅग फुटबॉलला कोकणची पुळण द्या

संपादक महोदय,

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलही आहे; म्हणजे गड्याला पाडण्याऐवजी कमरेची पट्टी (फ्लॅग) ओढून अडवायचा अमेरिकन फुटबॉल. क्रिकेटवर रकाने भरतात, याचा उल्लेखही नसतो. ब्रिटनमध्ये अमेरिकन फुटबॉल रुजला तो टीव्हीवरून: १९८२मध्ये चॅनल ४ने सामने दाखवायला घेतले आणि दोन-तीन वर्षांत तिथे क्लब उभे राहिले. ब्रिटनमध्ये रविवारी संध्याकाळी सहाला लागणारा अमेरिकेतला सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरपासून साडेअकराला दिसतो. जागरण खरे, पण दशावतार पहाटेपर्यंत पाहणाऱ्यांना त्याचे काय!

फ्लॅग फुटबॉल खेळायला हेल्मेट, पॅड नकोत. पाच-पाच गडी, ५० बाय २५ यार्डांचे मैदान, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. ओहोटीनंतरची ओली, घट्ट पुळण उत्तम; कोरड्या वाळूत पाय रुततो नि वळताना घोटा मुरगळतो. चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची, पुढच्या चारांत समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेऊन गुण मिळवायचे. चेंडूवाल्याच्या कमरेची पट्टी ओढली की चाल तिथेच थांबते. म्हणून शर्ट खोचलेला हवा आणि चड्डीला खिसे अजिबात नकोत. पट्टी ओढणाऱ्याची बोटे त्यात अडकून दुखावतात.

फेक बिघडते ती बहुधा पकडीमुळे. अनामिका नि करंगळी लंबगोल चेंडूच्या लेसवर (वरच्या दोऱ्यांच्या शिवणीवर), तर्जनी टोकाकडे, तळहात आणि चेंडू यांत थोडी पोकळी. आपल्या दमट हवेत चेंडू निसटतो. कोरडा पंचा जवळ ठेवून दर चालीआधी पुसावा.

तालुका क्रीडा स्पर्धांत यंदा निदान एक प्रात्यक्षिक सामना ठेवावा, ही विनंती.

– एक क्रीडाप्रेमी, मालवण