गृहमंत्र्यांना खुले पत्र: ठाण्यातले सर्वात जुने फुटेज कोणत्या तारखेचे आहे?

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
प्रत: मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा

विषय: पोलिसांच्या डिजिटल यंत्रणेसाठी मिळणारा निधी, तिची देखभाल आणि तिच्यावरील देखरेख याबाबत.

महोदय,

पोलिसांसाठी कॅमेरे, संगणक, टॅब आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांना निधी मंजूर झाला की बातमी येते. खरेदीला तीन वर्षे झाली, की ती यंत्रणा चालू आहे की बंद, हे सोलापूरच्या नागरिकाला कुठे सहज कळत नाही. ते कळायची सोय करा आणि यंत्रणा चालू ठेवण्याचा खर्च खरेदीच्याच कागदावर मंजूर करा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

सुरुवात पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीपासून करतो, कारण तिथे नियम स्पष्ट आहे आणि हिशोब कोणालाही करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला, की ठाण्याचे प्रवेशद्वार, सर्व कोठड्या, व्हरांडे, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची जागा, मागची बाजू, शौचालयाच्या बाहेरची बाजू, सगळीकडे कॅमेरे हवेत. ते रात्री दिसणारे आणि आवाज टिपणारे हवेत. चित्रण अठरा महिने टिकले पाहिजे, आणि तशी उपकरणे बाजारात नसतील तर जास्तीत जास्त काळ साठवणारी घ्यावीत, पण कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही.

आता हिशोब पाहा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ या चित्रण दाबून साठवण्याच्या पद्धतीने सेकंदाला साधारण दोन मेगाबिट लिहितो. म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. सोळा कॅमेरे धरले तर दिवसाला सुमारे ३४६ जीबी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या सोळा चॅनेलच्या रेकॉर्डरमध्ये हार्ड डिस्कच्या दोनच जागा असतात. दोन्हींत आठ-आठ टीबीच्या डिस्क बसवल्या तरी ४६ दिवसांनी नवे चित्रण जुन्यावर लिहिले जाऊ लागते. चार टीबीची एकच डिस्क असेल तर बाराव्या दिवशीच. अठरा महिन्यांसाठी याच सोळा कॅमेऱ्यांना सुमारे १९० टीबी जागा लागते, म्हणजे आठ टीबीच्या चोवीस डिस्क, आणि एखादी बिघडली तरी चित्रण वाचावे म्हणून वर दोन. बिटरेट, म्हणजे सेकंदाला लिहिल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, निम्म्यावर आणला तरी बारा डिस्क लागतातच. निविदेत ‘सोळा कॅमेरे व एनव्हीआर (रेकॉर्डर), एक संच’ एवढेच लिहिले असेल, तर सर्वात कमी दराचा पुरवठादार दोन जागांचाच रेकॉर्डर देणार, आणि निविदेप्रमाणे तो बरोबर ठरणार. न्यायालयाचा आदेश त्याच कागदावर मोडला जातो, कॅमेरा भिंतीवर चढण्याआधी.

कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार अनेकदा जामिनानंतर, घरच्यांशी आणि वकिलाशी बोलून, महिना-दोन महिन्यांनी होते. राज्य मानवी हक्क आयोगाने फुटेज मागवेपर्यंत ४६ दिवस उलटलेले असतात. कोणी मुद्दाम पुसण्याची गरजच पडत नाही. ज्या अंमलदारावर खोटा आरोप झाला, त्याचाही बचाव त्याच दिवशी पुसला जातो.

साठवणुकीची जागा पुरेशी असली तरी यंत्रणा बंद पडते ती ठरलेल्या कारणांनी. हार्ड डिस्क बिघडली तरी पडद्यावर थेट चित्र दिसतच राहते, त्यामुळे रेकॉर्डिंग थांबले आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पडदा पाहून ‘कॅमेरे सुरू’ असा शेरा देण्याला काही किंमत नाही. तपासणी म्हणजे काल पहाटे तीन वाजताचे चित्रण प्रत्येक कॅमेऱ्यातून लावून पाहणे, आवाजासकट. सोळा कॅमेऱ्यांना दहा-पंधरा मिनिटे लागतात.

दुसरे कारण वीज. सोळा कॅमेरे, त्यांना जोडणारा नेटवर्क स्विच आणि रेकॉर्डर मिळून १८० वॅटच्या आसपास भार होतो. सोबत येणाऱ्या एक केव्हीएच्या यूपीएसमध्ये सात अँपिअर-अवरच्या तीन छोट्या बॅटऱ्या असतात, त्या नव्या असताना अर्धा-पाऊण तास पुरतात. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना निम्मे होत जाते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, बंद कपाटात ठेवलेल्या यूपीएसचे काय होते ते वेगळे सांगायला नको. चार तासांच्या भारनियमनाला टिकायचे तर १०० अँपिअर-अवरची बॅटरी, हवेशीर जागा आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलण्याची तरतूद हवी. वळवाच्या विजा पडतात तेव्हा आवारातल्या खांबावरून आलेल्या तारेतून स्विचचे पोर्ट जळतात. तिथे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग लागते. ते बसवण्याचा खर्च कॅमेऱ्यांच्या मानाने किरकोळ असतो, आणि तोच अंदाजपत्रकातून सर्वात आधी कापला जातो.

तिसरे कारण घड्याळ. रेकॉर्डरचे घड्याळ दिवसाला दोन सेकंद चुकले तरी वर्षात बारा मिनिटांचा फरक पडतो. मग स्टेशन डायरीतली नोंद आणि फुटेजवरची वेळ जुळत नाही, आणि उलटतपासणीत बचावाचा वकील नेमके तेच विचारतो. केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनीही आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळती ठेवायची आहेत. नेटवर्कची जोडणी असेल तर हे एकदाच करायचे काम आहे.

चौथे कारण पासवर्ड. ज्या खोलीवर नजर ठेवायची तिथल्याच अधिकाऱ्याच्या हाती ॲडमिन पासवर्ड असेल, तर ती नजर राहत नाही. ठाण्याला फक्त पाहण्याचा आणि प्रत काढण्याचा अधिकार असावा. पुसण्याचा, वेळ बदलण्याचा आणि रेकॉर्डिंग थांबवण्याचा अधिकार ठाण्याबाहेर, दोघांच्या संमतीने वापरण्याचा असावा आणि त्याची लॉग नोंद राहावी. पुरवठादाराच्या माणसाकडे कारखान्याचा मूळ पासवर्ड तसाच राहिलेला नाही ना, हेही तपासा.

देखरेखीचे काय? त्याच आदेशाने जिल्हास्तरीय देखरेख समिती सांगितली: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि महापौर किंवा ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचे प्रमुख. देखभाल पाहणे, ठाणेदाराशी संपर्क ठेवणे, राज्यस्तरीय समितीला दरमहा अहवाल देणे ही तिची कामे. सोलापूरची अडचण तीन पदरी आहे. विभागीय आयुक्त पुण्यात बसतात आणि पाच जिल्हे पाहतात. शहरातली ठाणी पोलीस आयुक्तालयाकडे आहेत, तालुक्यांतली ग्रामीण अधीक्षकांकडे. आदेशात अधीक्षकांचा उल्लेख आहे, म्हणजे शहरातल्या फौजदार चावडी, जेल रोड किंवा विजापूर नाका ठाण्याबद्दल समितीत उत्तर कोणी द्यायचे हे शासनाने लेखी ठरवायला हवे. आणि २०२२ मध्ये महापालिका व जिल्हा परिषद दोन्हींची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हापासून निवडणुका होईपर्यंत समितीतली लोकप्रतिनिधीची एकमेव जागा रिकामी राहिली. पोलिसांवरच्या देखरेखीत पोलीस आणि महसूल अधिकारीच उरले. पुन्हा कधी प्रशासक आले तर त्या जागी कोण बसेल, याचा नियम आजच करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली. आदेशानंतर जवळपास पाच वर्षांनी न्यायालयाला पुन्हा तेच विचारावे लागले, याचे मूळ आम्हाला पैशाच्या रचनेत दिसते. खरेदी भांडवली खर्चातून होते. केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देते. जिल्हा वार्षिक योजनेतूनही वाहने आणि कॅमेरे घेतले जातात. देखभाल, इंटरनेटचे बिल, बॅटऱ्या, परवान्यांचे नूतनीकरण हा महसुली खर्च. तो वेगळ्या लेखाशीर्षातून, वेगळ्या वर्षी, वेगळ्या टेबलावरून यायचा असतो. हमीची मुदत संपते त्या महिन्यात तो आलेला नसतो. मोबाईलमधली माहिती काढणाऱ्या फॉरेन्सिक उपकरणांचे उदाहरण घ्या: त्यांचा परवाना वर्षागणिक असतो. नूतनीकरण चुकले की उपकरण जागेवरच राहते, पण नवे फोन उघडत नाही, आणि जप्त मोबाईल प्रयोगशाळेच्या रांगेत जातो. स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या चौकाचौकांतल्या यंत्रणा पोलीस वापरतात. पण त्यांची मालकी, वीजबिल आणि दुरुस्ती महापालिकेकडे की पोलिसांकडे, याचा करार लोकांसमोर ठेवायला हवा.

म्हणून आमची पहिली मागणी: पाच वर्षांचा चालू खर्च दाखवल्याशिवाय कोणत्याही पोलीस तंत्रज्ञानाला प्रशासकीय मान्यता देऊ नका. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या लिहिण्याआधी ‘अमुक बिटरेटला ५४८ दिवस (अठरा महिने), आवाजासह, चोवीस तास’ असे लिहा. उभारणी झाल्यावर साठ टक्के रक्कम द्या आणि उरलेली चाळीस टक्के पाच वर्षांत दर तिमाहीला, यंत्रणा किती तास चालली ते मोजून द्या. ते मोजमाप पुरवठादाराच्या अहवालावरून करू नका, ठाण्याच्या रोजच्या तपासणीवरून करा. करार संपताना सर्व पासवर्ड, सेटिंग आणि चित्रण कोणत्याही साध्या प्लेअरवर चालेल अशा स्वरूपात परत मिळण्याची अट घाला. ती नसेल तर पुढची निविदा पहिल्याच पुरवठादाराच्या हातात जाते.

दुसरी बाब पुराव्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे केले. त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. अंमलदाराने स्वतःच्या खिशातल्या मोबाईलवर, स्वतःच्या डेटा पॅकवर हे करावे अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. फोनची मेमरी भरलेली असते, बॅटरी संपते, करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या एखाद्या वाडीवर रेंज नसते आणि चित्रण अपलोड होता होता थांबते. प्रत्येक तपासी अंमलदाराला खात्याचा फोन, सिम आणि पॉवर बँक द्या. हा खर्च मोठा नाही, आणि खटल्यात सर्वात आधी त्याचाच उपयोग होतो.

बाहेरच्या दुकानाचा किंवा सोसायटीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) ताब्यात घेतानाची पद्धत तर प्रत्येक ठाण्यात भिंतीवर लावावी. आधी डीव्हीआरवरची वेळ आणि प्रत्यक्ष वेळ एकाच फोटोत घ्यायची आणि फरक पंचनाम्यात लिहायचा. कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, डिस्कची क्षमता आणि सर्वात जुन्या चित्रणाची तारीख नोंदवायची. हवा तो भाग मूळ स्वरूपात, प्लेअरसह काढायचा. पडद्याचे मोबाईलवर शूटिंग करायचे नाही. जागेवरच फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमध्ये काही बदलले तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, काढून पंचांसमोर लिहायचा. दोन प्रती, एक सीलबंद. मग डिजिटल पुराव्यासोबत जोडायचे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र: भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. प्रमाणपत्राविना अशी प्रत पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही, हे जालन्याच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणाने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. भाग ‘ब’वर सही करणारे तज्ज्ञ शहर आणि ग्रामीण मिळून किती लागतात, ते मोजून पदे मंजूर करा. हजारो तासांचे चित्रण आणि सही करायला मोजकी माणसे, असे झाले तर दोषारोपपत्रे तिथेच अडकतील.

आता सॉफ्टवेअरबद्दल थोडे. ठाण्यांतल्या गुन्ह्यांच्या नोंदी एकमेकांशी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या संगणक प्रणालीला केंद्राने २००९ मध्ये मान्यता दिली, महाराष्ट्रात ते २०१५ मध्ये सुरू झाले. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मोठी वस्ती आहे. शहराच्या पूर्वभागातले एकच आडनाव येमुल, येमूल, यमूल असे तीन ठाण्यांत तीन प्रकारे टंकले जाते. अक्कलकोटच्या कन्नड नावाच्या शेवटी ‘अप्पा’ कधी जोडला जातो, कधी सुटतो. शब्दशः जुळणी करणाऱ्या शोधात फिर्यादीचा स्वतःचाच जुना अर्ज सापडत नाही, आणि उलट, नावसाधर्म्यामुळे निरपराध माणूस चौकशीत ओढला जाऊ शकतो. राज्याने २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करणारी मार्व्हल कंपनी स्थापन केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवरची तपास प्रणाली राज्यभरातल्या ११०० ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा केली. ही प्रणाली सोलापूरच्या अंमलदाराच्या टेबलावर येण्याआधी तिची चाचणी इथल्या नावांवर, इथल्या मिश्र बोलीतल्या जबाबांवर, कंपनीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून घ्या आणि चुकांचे प्रमाण जाहीर करा. जबाबाचा सारांश यंत्राने केला असेल तर तसे कागदावर लिहिलेले असावे आणि मूळ जबाब सोबत असावा. या प्रणालीचा करार माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली आपणहून प्रसिद्ध करा. तपासाची गोपनीयता त्याने भंगत नाही.

पंढरपूरच्या आषाढीला तात्पुरते कॅमेरे आणि ड्रोन लागतात, ते हवेतच. चेंगराचेंगरी टाळणे हे पहिले काम. पण लाखो वारकऱ्यांचे चित्रण वारी संपल्यावर कोणाच्या डिस्कवर राहते आणि किती दिवसांनी पुसले जाते, हे भाडेकरारात लिहिलेले असावे.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. सोलापूर शहर आणि ग्रामीण पोलिसांनी दर महिन्याच्या पाच तारखेला आपल्या संकेतस्थळावर एक तक्ता टाकावा. ठाण्याचे नाव, बसवलेले कॅमेरे, आवाजासह चालू कॅमेरे, महिन्यात रेकॉर्डिंग बंद राहिलेले तास, आणि आज उपलब्ध असलेल्या सर्वात जुन्या चित्रणाची तारीख. यातला शेवटचा रकाना आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. साठवण कमी पडली किंवा डिस्क बिघडून बदलावी लागली की ती तारीख एकदम पुढे सरकते, आणि ती खोटी लिहिली तर एका फुटेजच्या मागणीने उघडी पडते. त्या रकान्यात कोणाचे नाव नाही, तपासाची माहिती नाही, ती दडवण्याचे कारण नाही. हाच तक्ता देखरेख समितीपुढे आणि वर्षाला एकदा विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जावा. सोलापूर जिल्ह्यापासून सहा महिन्यांसाठी सुरुवात करा. आदेशासाठी एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि पहिला तक्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला निघू शकतो.

आपले,
सोलापुरातील फौजदारी वकील, नेटवर्क व सीसीटीव्ही तंत्रज्ञ आणि सार्वजनिक खर्चाचे अभ्यासक