कुकरच्या तीन शिट्ट्या

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

काल सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने कुकरच्या शिट्ट्या मोजल्या आणि मला सांगितले, "आई, तीन झाल्या, गॅस बंद कर." खानापूर तालुक्यातील आमच्या या घरात दोन वर्षे कुकर लागला नव्हता. भात आणि डाळ पातेल्यातच शिजत असे, कारण शिट्टी वाजली की तो कान दाबून परसात पळायचा आणि तासभर घरात यायचा नाही. काल गॅस बंद करताना माझे हात कापत होते. त्याच हातांनी हे पत्र लिहीत आहे.

मुलांची भीती घालवण्यासाठी आपण घेत असलेल्या गटवर्गात येण्यापूर्वी आम्ही पुष्कळ दारे ठोठावली. एका डॉक्टरांनी त्याच्याकडे न पाहताच "लाडावलाय" असे सांगून आमची बोळवण केली. एका शाळेने दाखला परत घेऊन जा म्हटले. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांमध्ये माझ्या मुलाला असलेली स्वमग्नता (ऑटिझम) आहे आणि शाळेला असे दार लावता येत नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. शाळेला मात्र ठाऊक असायला हवे होते. स्वमग्न मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना चिंतेचा विकारही असतो, ही गोष्ट आपणच आम्हाला प्रथम सांगितलीत, आणि इतकी वर्षे मी स्वतःच्या संगोपनाला दिलेला दोष त्या दिवशी खाली ठेवला.

गटातील पहिल्या दिवशी तो टेबलाखाली शिरून बसला. मी त्याला ओढून काढायला वाकले, तेव्हा आपण हाताने मला थांबवलेत. स्वतः फरशीवर बसून, त्याच्याकडे न पाहता, आपण एक कागद टेबलाखाली सरकवलात. आपली भाषा कन्नड, तरीही त्याला वाचता यावे म्हणून आपण त्यावर स्वतःच्या हाताने मराठीत लिहिले होते, "गाबरलो तर तांबायचे." काही वेळाने कागद परत बाहेर आला. त्याने 'गा' खोडून 'घा' केला होता आणि 'तां'चा 'थां'. "मी घाबरलो" असे जो मुलगा आम्हाला एकदाही सांगू शकला नव्हता, त्याने तो शब्द पहिल्यांदा स्वतःच्या पेन्सिलीने लिहिला. आपण तो दुरुस्त केलेला कागद तसाच भिंतीवर लावलात आणि "कन्नडमध्ये गाबरी म्हणतात, म्हणून माझे चुकले," असे त्याला सांगितलेत. भाषेवरून माणसे किती ताणली जातात, हे बेळगाव परिसरात राहणाऱ्या आपल्याला आणि मला वेगळे सांगायला नको. त्या दिवशी एका मोठ्या माणसाने एका लहान मुलापुढे आपली चूक कबूल केली, आणि मला तेथे केवळ माणुसकी दिसली.

पुढच्या पायऱ्या एकेक करून आल्या: कुकरचे चित्र, रिकामे झाकण हातात घेणे, फोनवरची हळू आवाजातील शिट्टी. भीतीपासून मुलाला सतत दूर ठेवले की त्या क्षणी सुटका होते, पण भीती अधिक घट्ट होते. आमची पातेली नेमके तेच करत होती, हे आम्हा पालकांना तेथेच उमगले. मात्र त्याला सर्वांत जास्त बळ दिले ते इतर पाच मुलांनी. कोणाला कुत्र्याची, कोणाला लिफ्टची भीती. एका मुलीला टाळ्यांचा आवाज सहन होत नसे, म्हणून कोणी एक पायरी चढले की सारी मुले दोन्ही हात वर करून बोटे हलवत. माझ्या मुलाने झाकण उचलले तेव्हा हवेत हललेले ते हात मी कधीही विसरणार नाही. भीती वाटणारा आपण एकटाच नाही, हे त्याला माझ्या हजार समजुतींनी पटले नव्हते.

वर्ग संपल्यावर आपण दिलेला तो कागद त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. पुढच्या गटातील मुलांसाठी मॅडमना परत द्यायचा का, असे मी विचारले. बराच वेळ विचार करून त्याने नक्कल करून देतो म्हणून सांगितले. त्या नकलेत तो आपला 'ग' तसाच ठेवणार आहे आणि वर स्वतःचा 'घ' लिहिणार आहे.

आपली ऋणी,
एक आई