बाबा, घड्याळ बदललंय, रागवू नका

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत आणि आई मध्येच विचारते, जेवलीस का. जेवले. म्हणून हे पत्र. आईने मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी शेवटपर्यंत ऐकायचं.

दादाने दिवाळीत पाठवलेलं स्मार्ट घड्याळ आपण त्याला परत देतोय आणि बाबांना पुन्हा गार्मिन कंपनीचंच येतंय. ऑर्डर झाली आहे, या आठवड्यात सात रस्त्याच्या पत्त्यावर पोचेल. किंमत विचारायची नाही. दादाशी मी आधीच बोलले, तो रुसलेला नाही. बाबांनी त्याला फोन करून उगीच सारवासारव करू नये, गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी केली होती तशी. वहिनीला ते घड्याळ जिममध्ये कामाला येईल. ते वाईट आहे असं मी म्हणतच नाही. बाबांच्या मनगटाला, बाबांच्या गोळीला आणि सोलापूरच्या उन्हाला ते जमत नाही, एवढंच.

कंबर तलावाच्या फेरीत दादाच्या घड्याळावर चालण्याची नोंद आपोआप थांबलेली दिसायची आणि बाबा म्हणायचे, मी हातही लावला नाही. खरंच लावला नव्हता. टचस्क्रीनला बोट कळतं ते बोटातून वीज वाहते म्हणून. घामात मीठ असतं, त्यातूनही वीज वाहते, त्यामुळे काचेवर घाम पसरला की घड्याळाला वाटतं कुणीतरी बोट टेकवलं. ओल्या बाहीनेही तेच होतं. गार्मिनचं जे मॉडेल येतंय, फोररनर ५५, त्याला टचस्क्रीन नाहीच. पाच बटणं आहेत, डावीकडे तीन, उजवीकडे दोन. तुमच्या जुन्या फोररनर ३५ ला चार होती, म्हणजे शिकायचं एकच बटण. पडदाही तसाच, उन्हाचाच उजेड परतवून दाखवणारा, म्हणून ऊन चढेल तसा तो जास्त स्पष्ट दिसतो. दादाच्या घड्याळाचा पडदा घरात मखमलीसारखा दिसतो, मान्य, पण बाहेर हाताचा आडोसा करून बघावं लागतं. रस्त्यावर चालताना एक हात असा अडकलेला मला नको.

पडदा दादाच्या घड्याळापेक्षा लहान आहे, हे आधीच सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना बारीक आकडे नकोत, म्हणून चालण्याच्या पानावर दोनच आकडे ठेवायचे: वेळ आणि अंतर. आकडे कमी, तसे मोठे होतात. नाडीचा आकडा त्या पानावर मुद्दाम ठेवायचा नाही. का, ते सांगते.

दादाच्या घड्याळाने बाबांना "वेग वाढवा" म्हणून छळलं. त्याचं गणित सोपं असतं, २२० वजा वय. बाबांचे ७१ वजा केले की १४९, आणि मग त्याच्या अमुक टक्के नाडी पोचली तरच व्यायाम झाला असं ते धरतं. पण बाबा प्रेशरसाठी जी छोटी गोळी घेतात ती बीटा ब्लॉकर आहे. नाडी आवरून धरणं हेच तिचं काम. गोळी घेतलेल्या माणसाची नाडी त्या आकड्याला पोचेलच असं नाही, कितीही पाय उचलले तरी. घड्याळाला गोळी ठाऊक नसते, ते आपलं म्हणत राहतं, कमी पडलं, कमी पडलं. आणि बाबांचा स्वभाव आपल्याला माहीत आहे, कुणी कमी पडलं म्हटलं की संपलं. नाडी वाढावी म्हणून गोळी चुकवायची नाही, अर्धीही करायची नाही. ती एकदम बंद केली तर उलटते. चालताना सोबत्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. बोलताना धाप लागली तर हळू. याहून नेमकी मर्यादा हवी असेल तर ती डॉक्टरांनी आकड्यात सांगावी, घड्याळाने नाही.

त्यात पुन्हा मनगटावरचा आकडा दर वेळी नाडीचा असतोच असं नाही. मागचा हिरवा दिवा कातडीत उजेड टाकतो आणि रक्ताच्या प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड किती बदलला ते मोजतो. पट्टा सैल असला, हाडावर बसला, की हात हलेल तसा तो उजेडही हलतो, आणि घड्याळ पावलांचा ठेका पकडून त्यालाच नाडी समजतं. मिनिटाला ११५ पावलं पडत असतील तर नाडीही ११५ दाखवेल. शंका आली तर उभं राहून मनगटाची नाडी बोटाने अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. चालताना पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण खाली वळ उठणार नाही इतका. घरी आल्यावर एक भोक सैल करायचं. गार्मिनलाही हे दुखणं आहे, ते जादूचं नाही, पण निदान ते बाबांना घाई करणार नाही, कारण तसल्या सगळ्या सूचना मी बंद करायला लावणार आहे.

आई, आता तुझ्यासाठी. रात्री तीन वाजता उठून तू बाबांच्या मनगटावरचा ऑक्सिजन बघायचीस आणि मग उजाडेपर्यंत जागी, हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. मनगट उशीखाली दुमडलेलं असलं, हात गार पडला, पट्टा सरकला, की ८८-८९ सुद्धा दिसतो, माणूस छान घोरत असताना. या नव्या घड्याळात ऑक्सिजन मोजायची सोयच नाही आणि मी ती मुद्दाम टाळली. ईसीजीही नाही. मनगटाचा ईसीजी ठोक्याची लय बघतो, हृदयविकाराचा झटका त्यात धरता येत नाही, त्यामुळे "घड्याळ ठीक म्हणतंय" या वाक्याला तसाही अर्थ नव्हता. छातीत दुखलं, जबडा-खांदा भरून आला, घाम फुटला तर घड्याळाकडे बघायचं नाही, १०८ ला फोन.

आणि ते मनगटावरचं ब्लड प्रेशर! ते मोजायचं तर दंडाला बांधायच्या मशीनचा आकडा त्याला ठरावीक दिवसांनी भरवावा लागतो, नाहीतर ते अंदाजच सांगतं. दंडाचं मशीन कपाटात पडून आहे ते बाहेर काढा. चहानंतर अर्धा तास थांबून, पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आईच्या वहीत लिहायचं. शेजारच्या काकांच्या घड्याळात साखरही दिसते म्हणे. सुई न टोचता रक्तातली साखर स्वतः मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं आहे. काकांना हे सांगा, पण बाबा, कृपा करून भांडू नका.

पावलांचं सांगते. दहा हजाराचा आकडा १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्राच्या, जाहिरातीतून आलाय. आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेलसं चालणं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. रोज पाऊण तास चालून बाबा त्याच्या दुप्पट करतात. रात्री साडेनऊला उरलेली पावलं भरायला गच्चीवर येरझाऱ्या घालायच्या नाहीत. ती पावलं खरीही नसतात. आईने एका सकाळी घड्याळ हातात घातलं तर भाकरी थापून थापून ती बाबांच्या पुढे गेली होती, आठवतं ना? हात तालात हलला की घड्याळ पावलं मोजतं. उलट बाबांच्या घड्याळ घातलेल्या हातात मंडईची पिशवी असली की खरी पावलंही बुडतात.

चादर झटकताना "तुम्ही पडलात का?" म्हणून दादाचं घड्याळ किंचाळायचं, तो वैताग आता संपेल. हाताला हिसका बसून एकदम थांबला की त्याला पडल्यासारखं वाटतं, आणि आपली सोलापुरी चादर काही रुमाल नव्हे. गार्मिनचं पडण्याचं लक्ष फक्त घड्याळावर चालण्याची नोंद सुरू केलेली असतानाच असतं. पण नीट ऐका, त्यासाठी फोन खिशात हवा, ब्लूटूथ, लोकेशन आणि इंटरनेट चालू हवं, आणि गार्मिनच्या "गार्मिन कनेक्ट" या अॅपमध्ये संपर्क म्हणून माझा आणि दादाचा नंबर भरलेला हवा. फोन घरी चार्जिंगला लावून बाबा तलावावर गेले, तर घड्याळ एकट्याने कुणालाही कळवू शकत नाही. आई, दारातच बाबांचा खिसा चाचप, शाळेत जाताना माझा रुमाल बघायचीस तसा. डावीकडचं वरचं बटण दिव्याचं. दिव्यासाठी नुसतं दाबून सोडायचं. तीन वेळा थरथर होईपर्यंत धरून ठेवलं तर मदतीचा निरोप निघतो. तो आम्हाला घाबरवायला नाही, खरंच लागला तर वापरायला आहे, आणि लागला तर संकोच करायचा नाही.

आता मांडणी, क्रमाने. खोकं उघडलं की आधी पूर्ण चार्ज. मग दादाच्या घड्याळाचं अॅप उघडून त्यातून ते घड्याळ काढून टाका, मग घड्याळातच फॅक्टरी रीसेट, मग फोनच्या ब्लूटूथ यादीतूनही पुसा आणि अॅप अनइन्स्टॉल करा. क्रम उलटा केलात तर ते बाबांच्याच खात्याला चिकटून राहील आणि वहिनीला सुरूच करता येणार नाही. त्याच्या आधी त्यातल्या चालण्याच्या नोंदी बाहेर काढायला हव्यात, ते मी इथून करून घेते. गार्मिन कनेक्टच्या वेबसाइटवर अशा नोंदींची फिट, टीसीएक्स किंवा जीपीएक्स प्रकारची फाइल चढवता येते. त्या घड्याळातली झोप आणि रोजची पावलं मात्र येणार नाहीत. त्यासाठी हळहळू नका, टीव्हीसमोर बसलेलं ते झोप म्हणून मोजत होतं.

गार्मिन कनेक्टमध्ये नवीन खातं उघडू नका! जुनं आहे, पासवर्ड आईच्या दुधाच्या हिशेबाच्या डायरीत शेवटच्या पानावर आहे. आत गेलात की जुन्या घड्याळाची सगळी चाल तिथेच दिसेल. नवं घड्याळ अॅपमधूनच जोडायचं, फोनच्या ब्लूटूथ यादीतून नाही. तिथून जोडलं तर जोडल्यासारखं दिसतं आणि काहीच येत नाही. मग फोनच्या सेटिंगमध्ये त्या अॅपची बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करा, ऑटोस्टार्टचं बटण असेल तर तेही चालू. हे राहिलं की फोन बॅटरी वाचवायला अॅप मागच्या मागे बंद करतो आणि दोष घड्याळाला लागतो. कुठे अडलात तर पुढची बटणं दाबू नका, मला व्हिडिओ कॉल करा.

रोजचं अगदी थोडं आहे. मोकळ्या जागी उजवीकडचं वरचं बटण, "वॉक" निवडायचं, जीपीएस मिळेपर्यंत उभं राहायचं, मग तेच बटण पुन्हा. अर्धवट जीपीएसवर निघालात की पहिला टप्पा तलावाच्या पाण्यातून काढलेला दिसतो. परतल्यावर तेच बटण, मग "सेव्ह". सेव्ह केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

चार्जिंग रविवारी, अंघोळीच्या आधी. कंपनी नुसत्या घड्याळाला १४ दिवस आणि जीपीएसवर २० तास म्हणते. रोज पाऊण तास चालणं धरलं तर आठवड्याला तीन-चतुर्थांश बॅटरी जाते, म्हणून रविवार पुरतो. वीज गेली तरी बिघडत नाही. चार्जिंगच्या जागी घामाचं मीठ साचतं, ते आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर केबल लागते पण चार्ज होत नाही. खिडकीतल्या उन्हात किंवा इन्व्हर्टरवर ठेवून चार्ज करायचं नाही, उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. पट्ट्याखाली घामोळं आलं तर दोन दिवस हात बदला आणि पट्टा धुऊन पूर्ण वाळवून घाला, वर पावडर थापू नका.

कॉल घड्याळावरून घेणं मात्र यात नाही. तलावावर मनगटाशी बोलायला बाबांना आवडायचं, मला माहीत आहे. तेवढं जाईल. त्या बदल्यात उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला परत यायचं. तापमान ४२ च्या वर जातं तेव्हा अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे धावतं आणि त्याच चालीला हृदयाला जास्त काम पडतं, गोळी असो नसो. पाण्याची बाटली, टोपी, आणि पिशवीत दोन खडीसाखरेचे खडे. बाबा हसतील. हसू दे, आई, तू ठेव.

शेंगाचटणी पाठवायची घाई करू नकोस, मागची आहे अजून.

तुमची,
छकुली

ता. क. दादाच्या घड्याळाचा चार्जर त्याच्याच खोक्यात घाला. तो गार्मिनला लागत नाही आणि गार्मिनचा त्याला लागत नाही. दोन्ही केबल एका डब्यात ठेवल्या तर मला पुन्हा एक पत्र लिहावं लागेल.