ताईचं तेच धाकटीला कसं चालेल?

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

‘ताई, दिवस राहू नयेत म्हणून तू काय वापरतेस ते कळव, मी तेच करते,’ एवढंच लिहिलंस. फोनवर हा विषय काढला की तुझ्या मागे कुणी ना कुणी वावरत असतं आणि तू ‘हो’, ‘हं’ यापलीकडे जात नाहीस. म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र प्रशांतरावांनाही वाचायला दे. आईने मागितलं तर तिलाही दे, आपल्याला वाटतं त्यापेक्षा तिला यातलं बरंच कळतं.

मी तांबी (कॉपर-टी) बसवून घेतली आहे आणि मला ती चांगली मानवली. पण तुला मी तांबी सांगणार नाही. माझी पाळी आधीपासून बेताची, अंगात रक्तही भरपूर. तुझं तसं नाही. शाळेत असल्यापासून पाळीच्या दिवसांत तुझ्या अंगावर फार जातं आणि बाळंतपणाच्या आधीही हिमोग्लोबिन खालीच होतं. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळी वाढते, पोटातही जास्त दुखतं. पुढे बहुतेकींचं सुरळीत होतं, पण मुळात अशक्त असलेल्या बाईने हे कशाला ओढवून घ्यायचं? एरवी गोष्ट गुणाची आहे. तिच्यात कसलंही हार्मोन नाही, तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, आणि ३८० ए जातीची तांबी एकदा बसवली की १० वर्षं पुरते.

आधी निकडीचं सांगते. बाळ अंगावर पितंय तोवर काही होत नाही, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. ते खरं आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असायला हवं, आणि तुला पाळी आलेली नसावी. तिन्ही अटी पाळल्या तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी निर्धास्त असतात. तुझं बाळ चौथ्या महिन्यात आहे, पण रात्री तू त्याला वरचं दूध द्यायला लागलीस. तिथे एक अट मोडली. ‘पाळी आली की बघू’ असंही म्हणू नकोस. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते, त्यामुळे बाळंतपणानंतर पाळीचं तोंडही न बघता दिवस गेलेल्या बायका असतात. तेव्हा पुढचा निर्णय होईपर्यंत आजपासून निरोध. त्याला वाट बघावी लागत नाही, दुधावर परिणाम नाही, आणि गुप्तरोगांपासून वाचवणारं साधन या सगळ्यांत तेवढं एकच आहे. फक्त सोबत खोबरेल किंवा दुसरं कुठलं तेल वापरायचं नाही, तेलाने त्याचं रबर फाटतं.

आता मुख्य गोष्ट. ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ असं विचारलंस तर मला उत्तर देता येत नाही. ‘माझ्याकडून रोज काय मागेल, आणि मला ते झेपेल का’ असं विचारलंस तर देता येतं. आकडे बघ. काहीच न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी साधारण ८५ जणींना वर्षभरात दिवस जातात. पुरुषाने वेळेवर बाजूला होण्यावर भिस्त ठेवली तर साधारण २०, निरोध वापरला तर १३, रोजच्या गोळीवर ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर ४, आणि तांबी किंवा हार्मोनच्या तांबीवर (तिचं पुढे सांगते) एकीपेक्षाही कमी. यात मजा अशी की गोळी अगदी नेमाने घेतली तर हाच आकडा एकाच्याही खाली जातो आणि निरोध प्रत्येक वेळी नीट वापरला तर दोनावर येतो. म्हणजे गोळीत खोट नसते, आपण ती घ्यायला विसरतो. तांबीत विसरण्यासारखं काही नसतंच. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला रोज ठरावीक वेळी गोळी आठवेल का, हे तुझं तू ठरव. मला तरी शंका आहे.

पण तुझ्या बाबतीत गोळीचा प्रश्न नुसता विसरण्याचा नाही. तुला अर्धशिशी आहे, आणि साधी नाही. डोकं ठणकायच्या आधी तुझ्या डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात, एका बाजूचं दिसेनासं होतं. तुझ्या जावेने घेतलेली नेहमीची गोळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोनांची असते. अशी अर्धशिशी असणाऱ्या बाईत इस्ट्रोजेनमुळे मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक साधनासाठी बायकांची एक ते चार अशी वर्गवारी केली आहे. चार म्हणजे ‘वापरूच नका’, आणि या गोळीसाठी तू चारमध्ये बसतेस. मी काम करते त्या दवाखान्यात पहिल्या भेटीतच डोकेदुखीबद्दल विचारतात, रक्तदाब तपासतात. तुझ्याकडे कुणी विचारलं नाही तर तू आपणहून सांग, आणि ‘डोकं दुखतं’ एवढ्यावर थांबू नकोस, त्या रेषांचं वर्णन कर. उच्च रक्तदाब असणाऱ्या, पायात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या, आणि पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या बायकांनाही ती गोळी चालत नाही. बाकी निरोगी बाईला उगीच घाबरवून सोडायचं कारण नाही. गुठळीचा धोका गोळीने वाढतो हे खरं, पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तो त्याहून कितीतरी जास्त असतो. शिवाय वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांमध्ये अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी आढळतो. गोळीने वजन वाढतं म्हणतात, त्याला मात्र फारसा आधार सापडलेला नाही.

मग तुझ्यासाठी काय? तांबीसारखीच, पण तांब्याऐवजी प्रोजेस्टिन हार्मोन थोडं थोडं सोडणारी हार्मोनची तांबी असते, ती गर्भाशयातच बसवतात. तिने पाळी हळूहळू कमी होत जाते, काहींची अगदी बंदच होते. अंगावर फार जाणाऱ्या बायकांना डॉक्टर ती औषध म्हणूनही देतात. तुझ्या दोन्ही अडचणींना हीच सगळ्यात जवळची वाटते: इस्ट्रोजेन नाही, रक्त वाचतं, दुधाला बाध नाही, पाच वर्षं तरी टिकते आणि काढली की पाळणा हलायला मोकळा. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग लागतात, ते धीराने घ्यायचे. ती बसवल्यावर अर्धशिशी वाढली तर मात्र थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

बसवताना दुखतं. ‘काही नाही, मुंगी चावल्यासारखं’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. काहींना खरंच कमी दुखतं, काहींना चांगलीच कळ येते. वेदना कमी करायला काय देणार, हे आधीच विचार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तुला ठाऊक असावं म्हणून सांगते, बसवताना गर्भाशयाला इजा होण्याचा प्रकार हजारात एखादीच्या बाबतीत घडतो, पण अंगावर पाजणाऱ्या बाईत ही शक्यता काहीशी जास्त असते. म्हणून हात बसलेल्या, रोज हे काम करणाऱ्या डॉक्टरकडेच जा.

तांबी ‘वर चढते’, काळजात जाते, पुढे मूल होऊ देत नाही, हे सगळं आईच्या मैत्रिणींकडून तू ऐकणारच. १९७० च्या दशकात अमेरिकेत डाल्कन शील्ड नावाचं एक साधन आलं होतं. त्याने जंतुसंसर्ग होऊन बायकांचे फार हाल झाले, आणि या साऱ्या जातीचं नाव खराब झालं. आताची साधनं निराळी आहेत. २००१ साली मेक्सिकोतल्या मूल न झालेल्या बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तांबीचा आणि गर्भनळ्या बंद होऊन आलेल्या वांझपणाचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो क्लॅमिडिया या गुप्तरोगाच्या संसर्गाशी.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं, कुणाला कळतही नाही, दुधालाही चालतं. पण थांबवल्यावर मूल राहायला वेळ लागतो, सरासरी दहा महिने धरून चाल. तुम्हाला दोन-अडीच वर्षांनी दुसरं हवं आहे, म्हणून मी तुला ते पुढे करणार नाही. ज्यांना घाई नाही त्यांना ते छान आहे. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली सेंटक्रोमन गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तीत ना इस्ट्रोजेन ना प्रोजेस्टिन. तिने पाळी लांबते, क्वचित चुकल्यासारखीही होते, आणि तू तर पाळी दोन दिवस पुढे गेली की झोप घालवणारी. पाजताना चालणारी नुसत्या प्रोजेस्टिनची गोळीही मिळते, पण तिची वेळ आणखी कडक. जुन्या प्रकारात तीन तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही, नव्यात बारा तासांपर्यंत सवड असते.

दुसरं मूल झाल्यावर विषय पुन्हा निघेल, तेव्हा ऑपरेशनचं नाव प्रशांतरावांनी आधी काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या घराण्यात ते नेहमी बाईच्याच वाट्याला येतं, हे मला पटत नाही. पुरुष नसबंदी लहान काम आहे. १९७४ मध्ये चीनमध्ये ली शुनचियांग यांनी टाके न घालता करायची पद्धत काढली, तीच आता जगभर चालते. बाईचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीतून करावं लागतं, त्याला जोखीमही जास्त. ताकद जाते, पुरुषत्व जातं, हे खोटं आहे. पुरुषी हार्मोन रक्तातून फिरतं, नळीतून नाही. फक्त लगेच निर्धास्त व्हायचं नाही. आधीचे शुक्रजंतू वाटेत असतात, म्हणून तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं.

एक सांगायचं राहिलं. निरोध फाटला किंवा काही गडबड झाली तर तातडीची लेव्होनॉरजेस्ट्रेल गोळी बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती या गोळीपेक्षा खात्रीची. तातडीची गोळी महिन्याच्या महिन्याला नेमाने वापरायची नसते, पण एखाद्या वेळी घेतली तर अपराध्यासारखं वाटून घेऊ नकोस.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी सांग: अर्धशिशीच्या त्या रेषा, पाळीत किती जातं, बाळ किती आणि कसं पितंय, दुसरं मूल साधारण कधी. फिटची किंवा क्षयाची औषधं कुणी घेत असेल तर तीही सांगावी लागतात, कारण कार्बामाझेपिन आणि रिफाम्पिसिनसारख्या औषधांनी गोळ्यांचा असर कमी होतो. तुला त्यातलं काही नाही, पण तुझ्या नणंदेला फिटची गोळी चालू आहे ना, तिला हे जरूर कळव.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते फोनवर नको, लिहूनच कळव. हिमोग्लोबिनचा आकडाही लिही.

तुझी,
ताई