मेबेल कार्टर यांची गिटार विसरू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री म्युझिकवर मराठीत जे काही वाचायला मिळतं, आणि ते फारच कमी मिळतं, त्यात गायक असतात, गाणी असतात, त्यांची लग्नं नि घटस्फोटसुद्धा असतात, पण गिटार वाजवणाऱ्या माणसावर एक ओळ सापडत नाही. मेबेल कार्टर यांचं नाव आलंच तर ‘प्रसिद्ध गायक जॉनी कॅश यांच्या सासूबाई’ म्हणून. हे मला फार लागतं. 23 ऑक्टोबर ही त्यांची पुण्यतिथी, 1978 साली त्या गेल्या, त्या निमित्ताने हे पत्र लिहितोय.

मेबेलबाईंचा जन्म 10 मे 1909 चा, व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला. तिथे गाणं घराघरात होतं, कोणी शिकवायला बसत नसे, ऐकून ऐकून हात बसायचा. नात्याने बहीण लागणाऱ्या सारा आणि साराचे नवरे ए. पी. कार्टर यांच्याबरोबर त्या गायच्या, आणि पुढे ए. पीं.च्या भावाशीच त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट 1927 मध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर नावाचे रेकॉर्डिंगवाले आले होते, तिथे या तिघांनी, म्हणजे ‘कार्टर फॅमिली’ या ग्रुपने, दोन दिवसांत सहा गाणी रेकॉर्ड केली. मेबेलबाई तेव्हा 18 वर्षांच्या आणि गरोदर! त्याच आठवड्यात त्याच ठिकाणी पुढे फार गाजलेले गायक जिमी रॉजर्स यांचंही पहिलं रेकॉर्डिंग झालं, म्हणून कंट्री म्युझिकचा इतिहास सांगताना लोक ब्रिस्टलपासून सुरुवात करतात.

आता खरा मुद्दा. त्या काळात अशा ग्रुपमध्ये गिटारचं काम म्हणजे मागे ठेका धरणं, चाल वाजवायची ती फिडलने, म्हणजे व्हायोलिनने, किंवा बँजोने. पण इथे फिडल नव्हतं, बँजो नव्हता, सारा ऑटोहार्प हे बटणं दाबून छेडायचं तारवाद्य वाजवत गायच्या आणि ए. पी. मनात आलं की मध्येच सूर लावायचे, मग चाल वाजवणार कोण आणि ठेका धरणार कोण? मेबेलबाईंनी दोन्ही कामं एकाच हाताने केली. अंगठ्याला पिक, म्हणजे तार छेडायची नखी, लावून खर्जाच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवायची, आणि दोन सुरांच्या मधल्या जागेत तर्जनीने वरच्या पातळ तारा झटकन घासून ठेका भरायचा. यालाच पुढे ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणायला लागले. वाचायला सोपं वाटतं पण हातात गिटार घेऊन करून बघा, मी कित्येक महिने करतोय, अंगठा चालीवर गेला की तर्जनीचा ठेका चुकतो आणि ठेका सांभाळला की चालीतला एखादा सूर गळतो, आणि त्यांच्या रेकॉर्डवर मात्र दोन माणसं शेजारी बसून वाजवताहेत असं वाटत राहतं. 1928 मध्ये रेकॉर्ड केलेलं त्यांचं ‘वाइल्डवूड फ्लॉवर’ ऐका, त्यात गाणं थांबतं तेव्हा गिटार तीच चाल पुढे गात राहते. जगभर कितीतरी लोक गिटारवर चाल वाजवायला आजही याच गाण्यापासून शिकतात.

त्याच सुमारास त्यांनी गिब्सनची एल-5 गिटार घेतली, 275 डॉलरला म्हणतात, म्हणजे तेव्हा भलतीच महाग. साराचा आवाज खालच्या पट्टीतला म्हणून ती गिटार त्या उतरवून लावायच्या. तीच गिटार पुढे जन्मभर वाजवली.

अजून एक नाव इथे घ्यायलाच हवं, लेस्ली रिडल. हे कृष्णवर्णीय गिटारवादक, अपघातांत एक पाय आणि उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, तरी उरलेल्या बोटांनी ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं संगीत सुंदर वाजवायचे. ए. पी. गाणी गोळा करायला डोंगरात फिरायचे तेव्हा रिडल बरोबर असायचे, चाल लक्षात ठेवायचं काम त्यांचं, आणि त्यांचं वाजवणं बघून मेबेलबाईंनी बोटांनी वाजवायची आणखी एक पद्धत उचलली. कार्टर फॅमिलीच्या रेकॉर्डवर रिडल यांचं नाव आलं नाही. मेबेलबाईंचा गौरव करताना यांना वगळणं मला तरी बरोबर वाटत नाही.

मूळ तिघांचा ग्रुप 1943 च्या सुमारास संपला, मग मेबेलबाई हेलन, जून आणि अनिता या तीन मुलींना घेऊन उभ्या राहिल्या. बरोबर गिटारला एक तरुण मुलगा होता, चेट अ‍ॅटकिन्स! 1950 मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री म्युझिकच्या गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमात त्या गेल्या त्या त्याला घेऊनच, आणि पुढे तो कंट्री म्युझिकमधला केवढा मोठा गिटारवादक झाला! पण याच बाईंनी नंतर गाण्याची कामं कमी झाली तेव्हा नॅशव्हिलमध्ये आजारी माणसांची शुश्रूषा करायची नोकरी केली, तीही रात्रपाळीची. ज्या हातांनी अख्ख्या देशाला गिटार शिकवली ते हात रात्री कोणाची तरी उशी नीट करत होते, हे वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना. 1960 च्या दशकात कॉलेजातल्या तरुण मुलांना लोकसंगीताचं वेड लागलं, न्यूपोर्टच्या फेस्टिव्हलला त्यांना बोलावलं गेलं, आणि 1970 मध्ये कार्टर फॅमिली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेली.

ती एल-5 आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या म्युझियममध्ये आहे. माझी एवढीच विनंती की आपल्या पुरवणीत मेबेलबाईंवर एक पूर्ण लेख यावा, गिटारवादक म्हणून, आणि त्यांचा फोटो छापाल तेव्हा जागेसाठी फक्त चेहरा ठेवून गिटार कापू नका.

आपला नियमित वाचक