भंडाऱ्याचा निळा दगड नीलम नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात आमच्या भागातील निळ्या दगडाविषयी मजकूर वाचला. लाखनी-साकोलीकडच्या शिवारात नीलम सापडतो, असा त्याचा आशय होता. या भागातील शाळेत बरीच वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेला शिक्षक म्हणून मला या मजकुराने अस्वस्थ केले. कारण या गैरसमजाची किंमत आमच्या गावाने मोजलेली आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका शेतकऱ्याने धानाच्या चुकाऱ्यातील मोठी रक्कम देऊन यात्रेतून ‘नीलम’ची अंगठी घेतली. तो खडा कायनाइट नावाच्या वेगळ्याच निळसर खनिजाचा निघाला, आणि तोच दगड त्यांच्या बांधीच्या धुऱ्यावर फुकट पडलेला होता.

त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही त्याची परीक्षा केली. खडा लहान आणि घासून गोल केलेला असल्यामुळे आधी धुऱ्यावरचा टवका हातात घेतला. तो बोटभर लांब, पट्टीसारखा चपटा होता. मधोमध गडद निळा आणि कडांकडे जाता जाता राखाडी-पांढरा. पोती शिवण्याचा दाभण त्याच्या लांबीच्या दिशेने दाबून ओढला, तेव्हा स्पष्ट चरा उमटला. तोच दाभण त्याच पृष्ठावर आडवा ओढला, तर तो घसरला आणि दगडावर नुसती लोखंडाची करडी रेघ राहिली. एकाच दगडाचे हे दोन स्वभाव हीच कायनाइटची ओळख आहे. खनिजांचे काठिण्य 1 ते 10 अशा मोह्स मोजपट्टीवर मोजतात. त्यावर त्याचे काठिण्य लांबीच्या दिशेने साधारण 4.5 ते 5, तर आडव्या दिशेने 6.5 ते 7 असते. म्हणूनच त्याला ‘दोन बळांचा’ या अर्थाचे डिस्थीन असेही नाव पडले. नीलम म्हणजे कुरुंद या अतिशय कठीण खनिजाचा निळा, पारदर्शक प्रकार. त्याचे काठिण्य 9. दाभणाने त्याच्यावर कोणत्याही दिशेने चरा उमटणार नाही. त्यानंतर भिंगाखाली अंगठीतला खडा पाहिला, तर त्याच्या कडेवरही लांबीच्या दिशेने तसेच चरे दिसले.

कायनाइट हे ॲल्युमिनियम सिलिकेट आहे. त्यात वजनाने सुमारे 63 टक्के ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि 37 टक्के सिलिका, म्हणजे गारगोटीतला मूळ पदार्थ, असतो. ॲल्युमिनियमचे नाव आले म्हणून यातून भांड्यांचा धातू काढतात, असे पुष्कळांना वाटते. पण तो धातू बॉक्साइटपासून काढला जातो. विशेष असे की, नेमके हेच घटक याच प्रमाणात असलेली आणखी दोन खनिजे आहेत, सिलिमनाइट आणि अँडालुसाइट. घटक तेच, फक्त अणूंची मांडणी वेगळी, आणि ती मांडणी जमिनीखालच्या दाबावर व तापमानावर ठरते.

मुळात हा सारा चिखलच होता. पुरातन काळी पाण्याखाली साचलेला, ॲल्युमिनियमने समृद्ध असा चिकणमातीचा गाळ भूकवचाच्या हालचालींत खोल ओढला गेला, दबला, तापला आणि न वितळताच त्याचे रूपांतरित खडक झाले. दाब मोठा असेल तर त्यात कायनाइट तयार होते, दाब कमी असेल तर अँडालुसाइट, आणि तापमान बरेच चढले तर सिलिमनाइट. सुमारे 500 अंश सेल्सिअस तापमान आणि 14-15 किलोमीटर खोलीवरचा दाब, या एका बिंदूवर तिन्ही रूपे एकत्र नांदू शकतात. दाबाची खूण वजनातही उतरलेली आहे. अँडालुसाइट पाण्याच्या सुमारे 3.15 पट जड, सिलिमनाइट 3.25 पट, तर कायनाइट जवळपास 3.6 पट. पुढे वरचे थर झिजून हे खडक पृष्ठभागाजवळ येतात, तोवर ते इतके थंड झालेले असतात की अणूंना जागा बदलणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून खोलवर घेतलेले रूप उन्हापावसातही टिकून राहते. एवढासा टवका पाहून भूवैज्ञानिक तो किती खोलवरून आला असावा याचा अंदाज बांधतात, ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

नीलम नाही म्हणून हा दगड कमी प्रतीचा ठरत नाही. त्याची खरी किंमत आगीत कळते. आमच्या गावाबाहेरच्या भट्टीतली लाल वीट पोलादाच्या किंवा काचेच्या भट्टीत टिकणार नाही. तिथे अग्निरोधक विटांचे अस्तर लागते. कायनाइट साधारण 1100 ते 1400 अंशांच्या दरम्यान तापवले की त्याचे मुलाइट हे नवे खनिज आणि सिलिका यांत विघटन होते. हे मुलाइट 1800 अंशांच्या पुढेपर्यंत वितळत नाही आणि अचानक तापले-निवले तरी सहजी तडकत नाही. मात्र दाबाखाली घट्ट बसलेली मांडणी मोकळी होताना दगड 16 ते 18 टक्क्यांनी फुगतो. कच्चे कायनाइट भरपूर घालून वीट केली, तर ती भट्टीतच फुटेल. म्हणून ते बहुधा आधी भाजून, दळून मग वापरतात. उलट, चिकणमाती भाजताना आकसते, ते आकसणे भरून काढण्यासाठी थोडे कच्चे कायनाइट मुद्दाम मिसळतात. दोष वाटणारा गुण कारागिराने असा कामाला लावला आहे.

महाराष्ट्राचा खडक म्हटला की आपण काळ्या बेसाल्टवर थांबतो. पश्चिम विदर्भापुरते ते ठीक आहे. पण तो लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि भंडाऱ्याचे हे रूपांतरित खडक त्याहून कितीतरी पुरातन आहेत. दहेगाव, पोहरा या परिसरातील कायनाइट आणि सिलिमनाइट भूवैज्ञानिकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आमच्या मुलांना मात्र ठाऊक नाही. मी स्वतः नोकरीची पहिली काही वर्षे वर्गात गारगोटी आणि बेसाल्टच दाखवत होतो, याचे मला वाईट वाटते.

आपणास दोन विनंत्या आहेत. त्या मजकुराची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी, म्हणजे माघातल्या यात्रांपूर्वी ती लोकांच्या वाचनात येईल. दुसरे, जिल्हा परिषदेच्या शाळांमधून आपल्या गावच्या दगडांचे नमुने, नाव आणि ठिकाण लिहून ठेवले जावेत, हा विषय आपल्या पानांतून लावून धरावा. नमुने ओळखून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. लाखनी, जि. भंडारा